इसोएच्या कपच्या

इसोए कुणाचं ऐकत नाही, हे मी तिला ओळखते तेव्हापासून ओरडून सांगते आहे, आणि तेही तिनं कधी ऐकलेलं नाही. समोरच्या बेटावरून लग्न होऊन ती आमच्या इशिउरात आली. माहेरी सोया सॉसची लाकडी पिंपं, सासरी दगड. बोटीतून उतरली तेव्हा तिच्या अंगाला सॉसचा वास येत होता, असं माझ्या सासूबाई सांगायच्या, आणि तिच्या तोंडावर सांगायच्या. त्यावर इसोए म्हणाली होती, "दगडाला तर वासही नसतो." नव्या सुनेनं असं उत्तर दिलेलं गावात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी ते मरेपर्यंत लक्षात ठेवलं.

आमच्या गावात धंदे दोनच. थडग्यांचे दगड घडवायचे, नाहीतर ते घडवणाऱ्यांना खायला घालायचं. ती पहिल्या धंद्यातल्या घरात पडली, मी दुसऱ्या. धक्क्याजवळ माझं उदोनचं दुकान आहे. नवरा पायानं कणीक तुडवतो, मी त्या जाड शेवया उकडते आणि गिऱ्हाइकांना जरबेत ठेवते. शेवया संपल्या की दुकान बंद, मग दुपार आमची. मी इसोएच्या शेडमध्ये जाऊन बसते. ती काम करते, मी बोलते. असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं आहे.

तिचा नवरा गेनझो पाथरवट होता, आणि चांगला होता. नाव कोरण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. बोलण्यात मात्र तो दगडाचाच भाऊ. बायकोला हाक मारायची तर "ओई", म्हणजे "ए". चहा हवा, ओई. पावसाची छत्री हवी, ओई. डोंगरावरच्या खाणीत आमच्याकडे बायकांना मज्जाव आहे. डोंगराची देवी बायकांचा मत्सर करते म्हणे. देवीला कुणी विचारायला गेलं होतं का, ते मला माहीत नाही. खाली शेडमध्ये मात्र पाणी ओतून दगड घासत बसायचं काम बायकांचंच होतं, तिथं देवीची काही हरकत नव्हती. इसोएनं उभी हयात ते केलं. हिवाळ्यात बोटं फुटायची, ती फडक्यात गुंडाळून घासायची. त्याला पाथरवटाचं काम कुणी म्हटलं नाही. घासणं हे घासणं.

गेनझोच्या छातीत दगडाची धूळ बसली आणि त्यातच तो गेला. मुलगा नोरिआकी ओसाकात कुठल्याशा कंपनीत आहे. त्यानं आईला सांगितलं, सगळं आवरून इकडे ये. लिफ्ट आहे, गरम पाण्याचा टब आहे. इसोए म्हणाली, लिफ्टमध्ये बसून मी करू काय?

खरी अडचण शेडची होती. शेडखालची जमीन घराची नाही, पाथरवटांच्या संघाची. ज्या घरात दगडाचं काम चालतं त्या घराकडे ती राहते. काम थांबलं की वसंतात डोंगरदेवीच्या उत्सवाआधी जागा परत करायची, असा वाडवडिलांपासूनचा रिवाज. गेनझोनंतर संघानं दुखवट्याचा काळ जाऊ दिला, ते रीतीला धरूनच झालं. मग संघाचे प्रमुख कुराता तामेइची-सान एक दिवस येऊन सांगून गेले, की या उत्सवाआधी शेड रिकामी करा, तिथं बसगाड्या उभ्या करायच्या आहेत. माणूस वाईट नाही. सांगताना ते जमिनीकडे बघत होते.

आता त्या शेडमागे कपच्यांचा ढीग आहे. दगड फोडताना, कोरताना उडालेले तुकडे, कित्येक वर्षांचे. इसोए एकदा शेडमध्ये डबा खात होती. जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या तर त्या घरंगळून मातीत पडल्या. तिनं त्या धुतल्या आणि पायाशी पडलेली एक कपची उचलून तिच्यावर टेकवल्या. राहिल्या. तिनं कपची उलटी केली, तर काड्या घसरल्या. सुलटी केली, राहिल्या. त्या दिवशी तिचं जेवण संध्याकाळपर्यंत चाललं असावं. मी गेले तेव्हा तिच्यासमोर कपच्यांची रांग होती आणि भात तसाच गार होऊन पडला होता.

काड्यांना टेकण लागतं ते काही तिनं शोधून काढलं नाही. चिनी मातीची, लाकडाची, माशाच्या आकाराची, हवी तशी मिळतात. तिचं म्हणणं वेगळं होतं. दगड जसा फुटला तसाच ठेवायचा, वरून हात लावायचा नाही. ज्या कपचीवर काड्या आपणहून बसतात तीच घ्यायची. फक्त तळ घासायचा, म्हणजे ती डगमगणार नाही आणि लाखेच्या तबकावर ओरखडा येणार नाही. आमचा दगड बारीक कणांचा आहे. कोरडा असला की राखाडी, ओला झाला की आतून नक्षी वर येते. काडीच्या टोकाला रस्सा असतो, तेवढ्या ओलीनंही ती येते. जेवताना समोर बघायला काहीतरी होतं, ती म्हणायची.

पहिली टेकणं तिनं माझ्या दुकानात आणून मांडली. मी म्हटलं, अगं बाई, हे उदोनचं दुकान आहे, इथं माणूस बस चुकू नये म्हणून उभ्यानं खातो, काड्या खाली ठेवायला वेळ कुणाला आहे? तिनं ऐकलं नाही हे सांगायला नकोच. आठवडाभरात ट्रकवाले आपापलं टेकण ठरवून बसले. माझं ते लांबोळकं कुठं गेलं म्हणून एक कोळी माझ्याशी भांडला. मग खाडीपलीकडच्या पाहुणघराची मालकीण आली, तिनं बघितलं आणि तिच्या जेवणघरासाठी खोकंभर मागवली. इसोएनं तामेइची-सानना निरोप धाडला, की माझ्या शेडमध्ये दगडाचं काम चालू आहे, सबब जागा परत करायचं कारण नाही.

संघाचे लोक हसले. त्यापेक्षा जास्त बिथरले. हल्ली शहरातली माणसं गावची थडगी बंद करून आईवडिलांच्या अस्थी देवळातल्या कपाटात नेऊन ठेवतात. कामं कमी झाली आहेत. त्यात थडग्याचा दगड जेवणाच्या टेबलावर आला तर त्याचा मान काय राहिला? तामेइची-सान माझ्याच दुकानात म्हणाले, "मेलेल्यांचा दगड जिवंतांच्या ताटाशी मांडायचा नसतो. उत्सवाच्या बैठकीत काय ते ठरवू." म्हणाले आणि काड्या इसोएच्याच टेकणावर ठेवल्या. सवय झाली होती ना. मी शेवया वाढल्या.

आणि मग तिनं घोळ घातला. म्हणजे नकळत घातला, पण घोळ तो घोळच. बैठकीच्या थोडे दिवस आधी तिनं नवी टेकणं आणली. त्यातल्या एकावर मधोमध खाच होती, काडी बसवायला मापानं केल्यासारखी. मलाही ते आवडलं, म्हणून प्रमुखांच्या रोजच्या जागी ठेवलं. मोठी हौस मला. तामेइची-साननी काड्या ठेवल्या, पुन्हा उचलल्या आणि खाचेतून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग टेकण खिडकीपाशी उजेडात नेलं.

"ही फुटीची खाच नाही. छिन्नीची आहे," ते म्हणाले. "हात्सुको-सान, हे कुणाचं नाव आहे?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. कोरलेल्या नावाचा तुकडा. कुणाच्या तरी थडग्यावरचा. जुना दगड मोडायचा तर आधी भिक्षूला बोलावून त्यातल्या जिवाला निरोप द्यावा लागतो. आणि इथं तो तसाच फुटून लोकांच्या काड्यांखाली आला होता. तामेइची-साननी अर्धा भरलेला वाडगा बाजूला सारला. आमच्या मुलखात उदोन कुणी टाकून उठत नाही. त्यांच्यामागे बाकीचेही उठले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं निम्मी. पाहुणघराचं खोकं परत आलं, वर मालकिणीची गोड शब्दांतली चिठ्ठी. इसोए दुकानात आली तेव्हा मी तिला फैलावर घेतलं. माझ्या दुकानात स्मशान मांडलंस, म्हटलं. डोळे कुठं ठेवून कपच्या निवडतेस, म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. ती शांतपणे सगळी टेकणं गोळा करत होती.

"ओरडून झालं?" तिनं विचारलं. "मग एक वाडगा वाढ. आज तुझ्याकडे उरणार आहेत."

तिनं वाडगा रिकामा केला, रस्सासुद्धा. मी तिला रीतीची गोष्ट सांगितली. स्टेशनाजवळच्या दुकानातून गोड वड्यांची चांगली पेटी घे, तामेइची-सानच्या दारात जा, वाकून नमस्कार कर, चूक झाली म्हण. शेड जाईल, पण गावात मान वर करून राहता येईल. ती म्हणाली, "माफी मागेन. पण कशाची मागायची ते आधी कळू दे. नाव कुणाचं आहे तेच ठाऊक नाही. उगाच कुणाच्या नावानं वड्या वाटू?"

मग तिनं तो ढीग उपसायला घेतला. अख्खा. कपची उचलायची, पाण्यात बुडवायची, उजेडात फिरवून बघायची, खाच नसेल तर डावीकडे टाकायची. गेनझोला जी कंबरदुखी होती ती आता हिला लागली. नोरिआकीनं फोनवर सांगितलं, आई, दगड शोधण्यापेक्षा घर आवर. तिनं फोन मातीच्या हातानंच खाली ठेवला. गावातून जाणारे-येणारे शेडकडे बघायचे आणि चालू लागायचे. मी मात्र दुपारी जायची. रागावले होते तरी जायची. डावीकडचा ढीग वाढत गेला.

एका दुपारी गेले तर ती वाळूच्या परातीपुढे बसली होती. वाळूत तुकडे बसवलेले होते, कडेला कड जुळवून. मधे बरीच जागा रिकामी होती, पण रेघा जुळत होत्या. ते खाचेचं टेकणही त्यातच होतं. तिनं वर पाणी शिंपडलं. कोरडेपणी धुळीखाली दडलेला लाल रंग खाचांच्या तळाशी दिसू लागला.

आमच्याकडे काही नवराबायको जिवंतपणीच दोघांचा दगड करून ठेवतात. ते शुभ मानतात. तेव्हा नावांत लाल रंग भरतात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की माणूस अजून आहे. माणूस गेला की त्याच्या नावातला लाल खरवडून काढतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते नाव वाचलं.

नाव इसोएचं होतं.

तिला मग एक दिवस आठवला. गेनझोला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, त्या काळातला. तो घरी येऊन न बोलता जेवला. दुसऱ्या दिवशी शेडमधून घणाचे आवाज येत राहिले. तिनं विचारलं तर एवढंच म्हणाला, की माल वाया गेला, आत काळी शीर निघाली. शीर निघालेला दगड आमच्या गावात कुणी उभा करत नाही, तो फोडून टाकतात. पण तो कुणाचा माल होता ते त्यानं सांगितलं नाही. दुसरा घडवण्याइतका श्वास त्याच्यात उरलाच नव्हता. त्याचं स्वतःचं थडगं शेवटी तामेइची-साननी घडवलं.

"जन्मभर ओई म्हणाला," इसोए म्हणाली. "मला वाटायचं, ह्याला माझं नाव माहीत तरी आहे का."

मी रडले. ती रडली नाही, निदान माझ्यासमोर नाही. परातीत एका बाजूला आणखी थोडे तुकडे होते, गेनझोच्या नावाचे. त्यांच्यातला लाल तिनं सकाळीच सुईनं कोरून काढला होता. अगदी कानाकोपऱ्यातला. सुई धुऊन परत डब्यात ठेवलेली दिसत होती. मी म्हटलं, आता तुझ्या नावाचे तुकडे देवळात नेऊन दे, भिक्षू काय करायचं ते करतील. ती म्हणाली, "जिवंत बाईला कसला निरोप देणार ते?"

मी म्हटलं, मग निदान घरी ठेव, कपाटात, जपून. एवढं एकच तर नवऱ्यानं तुझ्यासाठी मागे ठेवलंय. त्यावर ती माझ्यावर उखडली. क्वचित उखडते, पण उखडली की उखडते. कपाटात ठेवायला त्यानं कोरलं नाही, म्हणाली. चारचौघांत उभं राहायला कोरलं होतं.

बैठकीला बायका जात नाहीत, पण बैठकीचं जेवण माझ्या दुकानातून जातं, त्यामुळे मी आत होते. इसोएला कुणी बोलावलं नव्हतं. ती माझ्यामागून आली. मी शेवयांचं पातेलं धरलेलं, तिनं परात. दाराशी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि जाऊन सरळ चटईवर गुडघ्यांवर बसली. एकानं घसा खाकरला. बाकीच्यांनी तामेइची-सानकडे बघितलं.

ते म्हणाले की वाद दोन आहेत. कपच्या वेचणं हे दगडाचं काम होत नाही, ही पहिली गोष्ट. आणि थडग्याच्या दगडावर जेवायच्या काड्या ठेवणं अभद्र आहे, ही दुसरी. त्यात कुणाचं तरी नाव लोकांच्या जेवणात आलं, याबद्दल इसोए-सान काय म्हणतात ते आधी ऐकू.

पहिल्या गोष्टीवर इसोएनं फार वेळ घालवला नाही. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरचा दगड मी किंवा माझ्यासारखीनं पाणी ओतून घासला आहे, ती म्हणाली, आणि तुम्ही तो विकताना त्याची चकाकी आधी दाखवली आहे. आता मी तळ घासते. उद्या घासणं हे काम नाही असं ठरवायचं असेल तर आजवरचे सगळे दगड न घासलेले समजा. दोघातिघांनी माना खाली घातल्या. आजींच्या, आयांच्या हातांची फडकी त्यांना आठवली असणार.

मग ती तामेइची-सानकडे वळली. "हिवाळ्यात तुमच्या पणतूच्या पहिल्या घासाचा सोहळा झाला. काडीचं टोक आधी कशाला टेकवलंत?"

"दगडाला," ते म्हणाले. बाळाचे दात दगडासारखे घट्ट व्हावेत म्हणून काडी आधी दगडाला आणि मग हिरड्यांना लावतात. घरोघर करतात. "पण तो दगड देवळाच्या आवारातला होता. हा थडग्याचा."

"डोंगर एकच आहे," इसोए म्हणाली.

तिनं परात पुढे सरकवली. वर पाणी शिंपडलं. तामेइची-साननी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. नाव वाचायला त्यांना वेळ लागला नाही. रेघांवरून त्यांचा अंगठा फिरला, त्या दिवशी माझ्या दुकानात फिरला होता तसा, पण सावकाश.

"गेनझोचा हात आहे हा," ते म्हणाले.

"हो. आणि नाव माझं आहे. मेलेल्या कुणाचं नाव मी तुमच्या काड्यांखाली ठेवलेलं नाही. त्याचं होतं, ते मी वेगळं काढलं, त्यातला लाल माझ्या हातानं काढला. माझ्या नावात तो आहे. नीट बघून घ्या."

सगळ्यांनी बघितलं. एकेक जण उठून परातीशी येऊन गेला. इतके दगड ज्यांनी घडवले त्यांना आणखी सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या दगडाखाली अजून कुणी गेलेलं नाही, हे त्या लाल रेघा वाचूनच त्यांना कळत होतं. इसोएनं मग परातीतून ते खाचेचं टेकण उचललं, बाहीला पुसलं आणि तामेइची-सानच्या वाडग्याजवळ ठेवलं. पुढचं ती बोलली ते जरा जोरात बोलली, कारण मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं.

"हे त्याच्या हातचं शेवटचं काम आहे. मला ते टेबलावर हवंय. ज्याला नको त्यानं चिनी मातीचं वापरावं. शेड मी देणार नाही. मला काम आहे."

तामेइची-साननी त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही गेल्यावर?"

"मग या, आणि रंग खरवडून काढा."

त्यांनी चष्मा काढला. बोटांनी चष्म्याची काडी चाचपत राहिले. शेवया वाडग्यात गार व्हायला लागल्या होत्या. मी पातेलं धरून उभी होते.

"मी तुमच्यापेक्षा मोठा आहे, इसोए-सान," ते शेवटी म्हणाले. "माझ्याच्यानं ते व्हायचं नाही." मग त्यांनी काड्या उचलल्या, एक घास खाऊन त्या त्याच खाचेत टेकवल्या, आणि शेडचं नाव न काढता यंदा देवीपुढची साकेची बाटली कुणी आणायची हा पुढचा विषय काढला.